हरवलेल्या भागांचा भूगोल

२०१३ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनमध्ये एक घोषणा झाली. नायजेरियातील जोस या शहरातल्या एका दूरचित्रवाणी केंद्रात सोळा मिलिमीटर फिल्मची काही जुनी रिळे मिळाली होती. त्यांवर ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेचे अकरा भाग होते, आणि त्यांपैकी नऊ भागांची प्रत तोवर कोणाच्याही हाती नव्हती. ज्या बीबीसीने हे भाग निर्माण केले, तिच्या संग्रहातही ते नव्हते. फिलिप मॉरिस या शोधकाने ही रिळे मिळवली आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वी प्रक्षेपित झालेल्या दोन कथा पुन्हा पाहता येऊ लागल्या.

एका लोकप्रिय मालिकेचे जुने भाग मिळाले, यात साहित्याच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा असे काय आहे, हा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, या घटनेत संहितेचा इतिहास आपल्या डोळ्यांदेखत घडलेला दिसतो. एखादी कृती तिच्या जन्मस्थानी नष्ट होते आणि जिथे ती केवळ विक्रीचा माल म्हणून पोहोचली, अशा दूरच्या ठिकाणी टिकते. कृती ‘जपली’ जाते म्हणजे नेमके काय होते, ती कोण जपतो आणि कशासाठी, हे प्रश्न त्यातून उभे राहतात. हस्तलिखितांच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे बहुधा तर्कानेच द्यावी लागतात. इथे मात्र विक्रीच्या नोंदी आहेत, डब्यांवरच्या चिठ्ठ्या आहेत आणि तो काळ पाहिलेली माणसेही आहेत.

‘डॉक्टर हू’चा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी संध्याकाळी, बीबीसीवर दाखवला गेला. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडी यांची हत्या झाली होती. कालप्रवास करणारा एक गूढ, काहीसा तिरसट म्हातारा आणि बाहेरून पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखे दिसणारे त्याचे यान, एवढ्या भांडवलावर ही मालिका सुरू झाली. भाग चित्रित होत ते दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर. ही फीत महाग होती, पण तिचा एक मोठा गुण असा की ती पुसून पुन्हा वापरता येई. हाच गुण पुढे तिच्यावरच्या मजकुराच्या मुळावर आला.

परदेशी विक्रीसाठी ही फीत निरुपयोगी होती. निरनिराळ्या देशांच्या दूरचित्रवाणीची तांत्रिक मापे वेगळी होती. ब्रिटनमधली ४०५ रेषांची प्रतिमा इतरत्र तशीच चालवणे शक्य नव्हते. पण सोळा मिलिमीटरचा फिल्म-प्रक्षेपक जवळपास प्रत्येक केंद्रात असे. म्हणून बीबीसीचा विक्री विभाग एका खास पडद्यावर कार्यक्रम चालवून त्यासमोर फिल्म-कॅमेरा लावी आणि त्याचे चित्रण करून घेई. म्हणजे परदेशी गेली ती मुळाची छाया होती. प्रतिमा थोडी मऊ, हालचाल थोडी अडखळती. अस्सल फितीच्या तुलनेत ही प्रत दुय्यम होती, यात शंका नाही. परंतु अस्सल पुसले गेल्यावर ही दुय्यम प्रतच ‘मूळ’ ठरली. मूळ आणि नक्कल यांचे नाते किती अस्थिर असते, याचे याहून साधे उदाहरण आम्हांला आठवत नाही.

ही रिळे कुठे कुठे गेली? ब्रिटनबाहेर सर्वप्रथम न्यूझीलंडने ही मालिका दाखवली. १८ सप्टेंबर १९६४ रोजी क्राइस्टचर्चच्या केंद्रावरून तिचे प्रक्षेपण सुरू झाले. ऑकलंड, वेलिंग्टन, क्राइस्टचर्च आणि डुनेडिन या चार शहरांची केंद्रे तेव्हा स्वतंत्रपणे चालत. त्यामुळे एकच प्रत या शहरातून त्या शहरात फिरे आणि एकाच देशातील प्रेक्षक एकच कथा वेगवेगळ्या आठवड्यांत पाहत. जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा यांची भर पडली. पाठोपाठ नायजेरिया, सायप्रस, हाँगकाँग, सिंगापूर, जिब्राल्टर, एडन, बार्बाडोस, झांबिया, युगांडा अशी नावे येत गेली.

ही यादी वाचताना एक गोष्ट लपत नाही. हा ब्रिटिश साम्राज्याचाच नकाशा आहे; फरक इतकाच की त्यावरील कित्येक ठिकाणी नुकताच झेंडा बदलला होता. नवस्वतंत्र देशांत दूरचित्रवाणी केंद्र हे आधुनिकतेचे आणि राष्ट्रीय अभिमानाचे चिन्ह होते. पश्चिम नायजेरियाच्या प्रादेशिक सरकारने इबादान येथे १९५९ मध्येच, म्हणजे स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, आपले केंद्र उभारले होते. पण केंद्र उभारणे एक आणि रोजच्या प्रक्षेपणाचे तास भरून काढणे दुसरे. स्वतःचे कार्यक्रम पुरेसे तयार होईपर्यंत तयार माल लागे आणि तो लंडनहून स्वस्तात मिळे. राज्य गेल्यानंतरही व्यापाराच्या जुन्या वाटा शिल्लक होत्या. त्याच वाटांनी ही रिळे गेली.

प्रत्येक देशासाठी नवी प्रत काढणे परवडणारे नव्हते. म्हणून एका केंद्राने दाखवून झालेली रिळे पुढच्या ग्राहकाकडे रवाना करायची अशी पद्धत होती. व्यवसायाच्या बोलीत तिला ‘बायसिकलिंग’ म्हणत. साखळीच्या शेवटच्या केंद्राने रिळे लंडनला परत करावीत किंवा नष्ट करून तसे कळवावे, असा नियम होता. केंद्राने नियम पाळला, तर रीळ गेले. केंद्राने कंटाळा केला, डबा फळीवर राहिला आणि कोणी त्याकडे पाहिले नाही, तर रीळ वाचले. म्हणजे आज जे उपलब्ध आहे, त्यातले बरेचसे नियमभंगाचे फळ आहे.

दरम्यान लंडनमध्ये पुसण्याचे काम शिस्तीत चालू होते. आज ते अडाणीपणाचे वाटते. त्या काळी त्यामागे व्यवहाराची चोख कारणे होती. कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रमांच्या पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. घरी चित्रफीत लावून पाहण्याची कल्पना अजून बाजारात यायची होती. रंगीत दूरचित्रवाणी आल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांचे मोल आणखी घसरले. एका विभागाने चुंबकीय फिती पुसल्या, कारण फिल्मच्या प्रती विक्री विभागाकडे असतील असे गृहीत होते. विक्री विभागाने फिल्मच्या प्रती मोडीत काढल्या, कारण विक्रीच्या हक्कांची मुदत संपली होती आणि संग्रह करणे हे त्याचे काम नव्हते. दुसऱ्याकडे असेलच, या विश्वासाने दोघांनीही आपापल्या हातची प्रत नष्ट केली. संस्थांच्या इतिहासात विध्वंस पुष्कळदा असाच घडतो. त्याला द्वेष लागत नाही, कामाची वाटणी पुरते.

१९७८ मध्ये स्यू माल्डन यांची बीबीसीत जतन करावयाच्या कार्यक्रमांची निवड करण्यासाठी नेमणूक झाली आणि नष्ट करण्याच्या या क्रमाला आळा बसला. तोवर पहिल्या सहा वर्षांतील २५३ भागांपैकी मोठा वाटा गेलेला होता. त्यानंतर जगभर शोध सुरू झाला. २०१३ च्या शोधानंतर हरवलेल्या भागांची संख्या ९७ वर आली.

परत आलेल्या भागांची कहाणी हा एक स्वतंत्र भूगोल आहे. १९८४ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या ‘द रेन ऑफ टेरर’ या कथेचे भाग सायप्रसहून मिळाले. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ या १९६७ च्या कथेचे चारही भाग १९९१ च्या अखेरीस हाँगकाँगमध्ये मिळाले आणि पुढच्या वर्षी चित्रफितीच्या रूपाने विक्रीला आले. ‘द क्रुसेड’ या कथेचा पहिला भाग १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका खाजगी संग्राहकाकडे निघाला. टाकून देण्यासाठी काढलेल्या रिळांतून कोणीतरी तो उचलून ठेवला होता.

परंतु सर्वांत विलक्षण शोध ऑस्ट्रेलियातला आहे. तिथल्या सेन्सॉरने मुलांसाठी भयंकर वाटलेली दृश्ये कापली होती: गळा दाबणे, सुरा, किंकाळी, मरणारा चेहरा. कापलेले तुकडे कायद्यानुसार नोंदीसह जपून ठेवावे लागत. १९९६ मध्ये दोन चाहत्यांनी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हे तुकडे शोधून काढले. ज्या भागांचे प्रसारणयोग्य ठरलेले सर्व काही नष्ट झाले, त्यांचे फक्त प्रसारणास अयोग्य ठरलेले सेकंद उरले. काही कथांचे हलते चित्र आज आपल्याला दिसते ते मुख्यत्वे तेवढेच, जेवढे कोणी पाहू नये अशी सरकारची इच्छा होती. सेन्सॉरची कात्री संरक्षक ठरली, हा विनोद एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

इथे पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला ओळखीचे काहीतरी जाणवेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत असताना वि. सी. सुखठणकरांनी काश्मीरच्या शारदा लिपीतील परंपरेला मोठे महत्त्व दिले होते. आणि उत्तर टोकाची ही परंपरा व दक्षिण टोकाची परंपरा जिथे एकमुखाने बोलतात, तिथला पाठ जुना असण्याची शक्यता अधिक, हे त्यांच्या युक्तिवादाचे एक सूत्र होते. केंद्रात वर्दळ असते, बदल होतात, जुने पुसून नवे लिहिले जाते. कडेला राहिलेली प्रत त्या वर्दळीतून सुटते. दोन गोष्टींची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु कडा मूळ सांभाळतात हे तत्त्व भूर्जपत्राप्रमाणे फिल्मच्या रिळालाही लागू पडते, इतके नोंदवण्यास हरकत नसावी.

प्रती हरवल्याने समीक्षेचे काय होते, हाही प्रश्न आपल्या कामाचा आहे. जोसला मिळालेल्या दोन कथांपैकी ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ ही १९६७–६८ सालची सहा भागांची कथा. तिचा फक्त तिसरा भाग शिल्लक होता. या भागात कथा जवळजवळ खोल्यांत कोंडलेली आहे. एका उदास स्वयंपाक्याचे संवाद तेवढे लक्षात राहतात. साहजिकच ही कथा सामान्य, रेंगाळणारी, असे मत रूढ झाले. २०१३ मध्ये सहाही भाग सलग पाहता आल्यावर ते मत पालटले. नायक आणि हुकूमशहा अशा दोन्ही भूमिका करणाऱ्या पॅट्रिक ट्राउटन यांच्या अभिनयाची खरी उंची आता दिसली आणि कथेची गणना चांगल्या कथांत होऊ लागली. उलट ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ हरवलेली होती तोवर दंतकथा झाली होती; ती सापडल्यावर आठवणीतली भव्यता पडद्यावर तितकी नाही, असे काहींना वाटले. अनुपस्थिती एका कृतीचे मोल घटवते, तर दुसरीचे वाढवते. ज्या लेखकांची निम्मी पुस्तके दुर्मीळ आहेत, त्यांच्याविषयीची आपली मते तरी यापेक्षा कितपत भक्कम पायावर उभी असतात?

जोसमधलीच दुसरी कथा ‘द वेब ऑफ फिअर’. लंडनच्या भुयारी रेल्वेत यती शिरल्याची ही गोष्ट. तिचा पहिला भाग पूर्वीपासून होता, चार भाग जोसहून आले, आणि तिसरा भाग मात्र आला नाही. हा तिसरा भाग म्हणजे पुढे मालिकेतले एक अत्यंत लाडके पात्र ठरलेल्या लेथब्रिज-स्टुअर्ट या लष्करी अधिकाऱ्याचा खरा प्रवेश. त्या भागाचा ध्वनी तेवढा आहे. सर्वच हरवलेल्या भागांचा ध्वनी उपलब्ध आहे, कारण त्या काळी ब्रिटनमधल्या काही मुलांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर मालिका ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. संस्थेने जे राखले नाही, ते श्रोत्यांच्या हौसेने राखले.

आणि काही वाटा कुठेच पोहोचत नाहीत. ‘मार्को पोलो’ ही १९६४ मधील सात भागांची कथा याचे उदाहरण. पामीरच्या पठारापासून कुब्लाई खानाच्या दरबारापर्यंतचा प्रवास असा तिचा विषय. तिचे बहुतेक भाग दिग्दर्शित केले वारिस हुसेन यांनी. मालिकेच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शकही तेच. १९३८ मध्ये लखनौत जन्मलेले, तेव्हा पंचविशीतले हे तरुण दिग्दर्शक ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ या कादंबरीच्या लेखिका अतिया होसेन यांचे चिरंजीव. म्हणजे भारतीय इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात आपण जिची कादंबरी शिकवतो, तिच्या मुलाने ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या एका दीर्घायुषी मालिकेची पहिली चौकट आखली. कथेतील चिनी आणि मंगोल पात्रे बहुतांशी रंग फासलेल्या गोऱ्या नटांनी केली होती, हेही इथे सांगितले पाहिजे. पूर्वेचा तो देखावा त्या काळच्या लंडनचाच होता.

प्रवासाची ही कथा स्वतःही भरपूर हिंडली. आरंभीची कथा असल्याने मालिका घेणाऱ्या बहुतेक देशांना ती विकली गेली होती. तिच्या इतक्या प्रती जगभर गेल्या, आणि तरीही तिचा एकही भाग मिळालेला नाही. स्थिरचित्रे आणि ध्वनी यांवरच तिची कल्पना करावी लागते. प्रती पुष्कळ असणे म्हणजे टिकणे नव्हे, हा धडा छापखान्याच्या युगातल्या आपल्यासारख्या वाचकांनी विसरू नये असा आहे. ही रिळे देशोदेशी फिरू लागली तेव्हा मुंबईत दूरचित्रवाणीच नव्हती. ती आली २ ऑक्टोबर १९७२ रोजी. लखनौच्या मुलाने घडवलेले हे चित्र इबादानच्या, सिंगापूरच्या वाटेने गेले.

या सर्व कहाणीत एक शब्द मात्र आम्हांला खुपतो: ‘सापडले’. जोसच्या केंद्रात ती रिळे होतीच. हरवली होती ती लंडनच्या दृष्टीने. या विषयावरच्या लेखनात सायप्रस, हाँगकाँग, नायजेरिया ही नावे बहुधा कपाटांची नावे असल्यासारखी येतात. कोणत्या कपाटात काय निघाले, एवढाच प्रश्न असतो. त्या कपाटांपलीकडे प्रेक्षक होते. यंत्रमानवासारख्या डॅलेकांची दहशत, साऱ्या विश्वावर आपलीच सत्ता हवी हा त्यांचा आग्रह, परक्या भूमीवर उतरून तिथले प्रश्न सोडवणारा एक इंग्रज वळणाचा प्रवासी, या सगळ्याचा अर्थ नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातल्या मुलाला लंडनच्या मुलासारखाच लागला असेल, असे मानण्याचे कारण नाही. वासाहतिक सत्तेच्या कथा वसाहतीत वेगळ्या वाचल्या जातात, हे आपण साहित्याच्या वर्गात शिकवतोच. प्रतींचा शोध घेणाऱ्यांनी थक्क करणारी चिकाटी दाखवली आहे. तितकीच चिकाटी त्या प्रेक्षकांच्या आठवणी गोळा करण्यात दाखवली गेली पाहिजे, आणि त्यासाठी वेळ फार उरलेला नाही. रीळ थंड खोलीत टिकते. १९६५ मध्ये दहा वर्षांची असलेली मुले आता सत्तरीत आहेत.

२०१३ च्या ज्या ऑक्टोबरमध्ये जोसच्या रिळांची घोषणा झाली, त्याच्या पुढच्याच महिन्यात, २३ नोव्हेंबरला, मालिकेच्या सुवर्णमहोत्सवाचा विशेष भाग ९४ देशांत एकाच वेळी दाखवला गेला. १९६४ मध्ये क्राइस्टचर्चला पोहोचायला मालिकेला जवळजवळ दहा महिने लागले होते. आता एक क्षणही लागला नाही. पुढे २०२३ पासून २०२५ पर्यंत ब्रिटनबाहेरच्या बहुतेक देशांत नवे भाग डिस्ने प्लस या सेवेवरून दाखवले गेले. अंतर संपले, ही आनंदाचीच गोष्ट.

पण अंतराबरोबर आणखी काहीतरी संपले. रीळ पाठवणे म्हणजे वस्तू पाठवणे होते. करार संपला तरी वस्तू फळीवर राहू शकत होती. कारकुनाच्या आळसाने, संग्राहकाच्या लोभाने किंवा सेन्सॉरच्या काटेकोरपणाने ती वाचू शकत होती. प्रवाहातून येणाऱ्या चित्राला फळी नसते. करार संपतो त्या रात्री ते ९४ देशांतून एकदम अदृश्य होऊ शकते आणि त्यासाठी कोणाला काही मोडीत काढावे लागत नाही. खाजगी संगणकांवर हौशी लोक प्रती ठेवतात, हे खरे आहे; साठच्या दशकातले टेपरेकॉर्डरवालेही असेच होते. परंतु संस्कृतीचे जतन नियम मोडणाऱ्यांच्या भरवशावर सोडणे हे धोरण म्हणता येणार नाही.

‘डॉक्टर हू’च्या परदेशवारीचा इतिहास आमच्या मते हेच सांगतो की, जिथे निर्मिती होते तिथे जतन होईलच असे नाही, आणि एकाच ठिकाणी ठेवलेली गोष्ट सुरक्षित नसते. आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत दरवर्षी ‘निर्लेखित’ असा शिक्का मारून पुस्तके बाहेर काढली जातात. दुसरीकडे असेलच, असे आपणही म्हणतो. तो शिक्का मारण्यापूर्वी, खरोखर दुसरीकडे आहे का, एवढे एकदा पाहून घ्यावे.